स्टर्नड्राइव्हच्या 3 लाख 40 हजारांच्या कोटेशनला हो म्हणायच्या आधी

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. तापोळ्याला 19 फुटी बोट, 4.3 व्ही6 मर्क्रुझर मशीन, मागे अल्फा वन जेन टू ड्राइव्ह (पंखा फिरवणारा पाण्यातला पाय), तीन वर्षांपूर्वी मुंबईकडून सेकंडहँड घेतलेली. आता ड्राइव्हचं ऑइल दुधाळ निघतंय, वळताना मागून घरघर येते आणि फॉरवर्ड टाकताना कर्रर्र होतं. एकाने "फुल ड्राइव्ह रिबिल्ड" म्हणून 3 लाख 40 हजार सांगितलेत, कागदावर एकच ओळ, आणि तुम्ही विचारताय की रेट बरोबर आहे का, आणि एवढे घालायचे की बोट विकून मोकळं व्हायचं.

मी सातारचाच, 22 वर्षं हेच काम करतोय, बामणोली, तापोळा, शेंबडी, इकडे कण्हेर, कधी सांगलीच्या बाजूला कृष्णेवरच्या बोटी. आपल्याकडे जास्त करून आउटबोर्ड, म्हणजे मशीनसकट मागे बाहेर टांगलेले, नाहीतर मशीन आत असलेल्या डिझेल इनबोर्डच्या लाँच, स्टर्नड्राइव्ह मोजक्याच, त्यामुळे ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारायला माणूस मिळत नाही आणि कोण जे सांगेल ते खरं मानावं लागतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे गिअर आणि बेअरिंग खरंच गेले असतील तर रेट अवाच्या सवा नाहीये. पण तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी तीन वेगवेगळ्या जागच्या आहेत, आणि त्या कोटेशनमध्ये त्यातली एकच धरलीय, फार तर दीड. म्हणजे तुम्ही 3 लाख 40 हजार द्याल, ड्राइव्ह चकचकीत रंगवून येईल, बोट पाण्यात सोडाल, पहिल्या वळणाला तीच घरघर परत. हे मी दोन मालकांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय आणि दोघांनीही रिबिल्डवाल्याशी भांडण काढलं, खरं तर त्याचं काम चांगलं झालं होतं, फक्त चुकीच्या जागी झालं होतं.

आधी रचना समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. स्टर्नड्राइव्ह म्हणजे मशीन बोटीच्या आत, गाडीसारखं, आणि बाहेर लोंबणारा पाय आउटबोर्डसारखा. व्होल्वो पेंटाने 1959 ला ही पद्धत बाजारात आणली, मर्क्रुझर त्यांच्या मागोमाग. मशीनची ताकद आडवी बाहेर येते, ड्राइव्हच्या वरच्या भागात, म्हणजे अप्परमध्ये, काटकोनात खाली वळते, खालच्या भागात, म्हणजे लोअरमध्ये, परत काटकोनात वळून पंख्याला (प्रोपेलरला) जाते. दोन वळणं म्हणजे बेव्हल गिअरचे दोन सेट, तिथेच मोठा खर्च दडलेला असतो. पण मशीन आणि ड्राइव्ह यांच्या मधे बोटीची मागची भिंत आहे, ट्रान्सम, आणि त्या भिंतीवर एक वेगळी असेंब्ली बसलेली असते. तिच्यात मशीनकडून येणाऱ्या शाफ्टला धरणारं गिंबल बेअरिंग, तिच्यावर रबरी बेलोज, तिच्यातूनच शिफ्टची केबल जाते. ड्राइव्ह फक्त 6 नटांवर त्या असेंब्लीला टांगलेला असतो. अल्फाचा असेल तर फॉरवर्ड गिअरमध्ये ठेवून सहा नट काढायचे, दोन माणसं अर्ध्या तासात उतरवतात. पण रिबिल्डवाला ड्राइव्ह टेंपोत टाकून घेऊन जातो तेव्हा गिंबल बेअरिंग, बेलोज आणि केबल हे सगळं तुमच्या बोटीवरच राहिलेलं असतं, तो त्याला हात पण लावत नाही.

आता घरघर. वळताना येते, सरळ चालताना कमी होते, म्हणजे बहुतेक गिंबल बेअरिंग, नाहीतर त्याच्या पुढचे युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस. ही दोन्ही ठिकाणं ज्या रबरी भात्याच्या आत कोरडी राहायला पाहिजेत तो भाता म्हणजे यू-जॉइंट बेलोज. लोहाराच्या भात्यासारखाच वळ्यावळ्यांचा असतो, ड्राइव्ह डावी-उजवीकडे फिरला, वर-खाली झाला की तो ताणतो, दबतो. वळ्यांच्या खोबणीत रबर तडकतं, वरून बघून दिसतच नाही, ड्राइव्ह उचलून अंगठ्याने वळी उघडून बघावी लागते. तडकला की पाणी आत, बेअरिंग गंजतं, घरघर सुरू.

आणि इथे मला जरा ओरडून सांगायचंय. हा बेलोज पाण्याच्या पातळीच्या खाली असतो. बेअरिंगच्या पलीकडे थेट तुमच्या बोटीचा तळ आहे. म्हणजे फाटलेला बेलोज हे बोटीला पडलेलं भोक आहे, आज थेंब थेंब येत असेल, उद्या टराटरा फाटला आणि बिल्ज पंप, म्हणजे तळातलं पाणी उपसणारा पंप, बंद असला तर रात्रीतून धक्क्याला बांधलेली बोट खाली बसते. माणसं घेऊन कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या मधोमध असताना झालं तर काय हे मला लिहायचं पण नाही. तेव्हा बाकी निर्णय काय घ्यायचा तो घ्या पण बेलोज बघितल्याशिवाय त्या बोटीत पर्यटक बसवू नका, हंगाम असला तरी नाही, बुकिंग असलं तरी नाही.

बेलोज, गिंबल बेअरिंग, शिफ्ट केबल आणि पाण्याचा इम्पेलर (मशीन थंड ठेवायला पाणी खेचणारी रबरी चकती) हे एकत्रच करून घ्यायचं काम आहे कारण ड्राइव्ह एकदा उतरला की मजुरीचा मोठा भाग झालेलाच असतो. मी मागच्या दोन हंगामात हे काम पार्टसह 55 ते 70 हजारांत केलंय. पार्ट बाहेरून येतात, डॉलर, भाडं, ड्यूटी सगळं लागतं म्हणून आकडा मोठा वाटतो, अमेरिकेत ह्याच गोष्टींची नुसती पार्टची किंमत बघितली तर काहीशे डॉलरचं काम आहे. इथे एक सूचना, कोणी म्हणेल गिंबल बेअरिंग कुपवाडच्या बाजारात मापाचं मिळतं, तर नाही. त्याची बाहेरची रिंग गोलसर असते, बेअरिंग आपल्या घरात थोडं डुलून मशीनच्या लाइनला येतं, साधं बॉल बेअरिंग तिथे चालत नाही. क्रॉस मात्र जीपच्या क्रॉससारखे दिसतात आणि काहीजण मापाचे टाकतात पण, मी टाकत नाही, तिथलं 3-4 हजार वाचवून अप्परचा इनपुट शाफ्ट खराब करून घ्यायचा नसतो.

आता दुधाळ ऑइल. ह्याचा बेलोजशी बहुतेक वेळा काहीच संबंध नसतो, लोक दोन्ही एकत्र जोडतात. ड्राइव्हच्या ऑइलमध्ये पाणी शिरतं ते पंख्याच्या शाफ्टच्या सीलमधून, नाहीतर शिफ्ट शाफ्टच्या सीलमधून, वॉटर पंपाच्या खालच्या सीलमधून, आणि कितीतरी वेळा नुसत्या ड्रेन स्क्रूच्या वॉशरमधून. हो, वॉशर. जुनाच वॉशर परत परत लावला की गळतं, आणि त्यापायी मालक दोन लाखांच्या बोलण्याला बसलेला मी बघितलाय.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट सांगतो, बामणोलीचं एक गिऱ्हाईक, मशीन तुमच्यासारखंच. ड्राइव्हखाली पांढरी बरणी धरून खालचा स्क्रू काढला, तर आधी कपभर स्वच्छ पाणी आलं, मग साय घातलेल्या चहाच्या रंगाचं ऑइल. स्क्रूच्या चुंबकाला बारीक काळी पेस्ट, बोटाने चोळली की शाईसारखी पसरणारी. ती पेस्ट चालते, गिअर म्हटल्यावर थोडं झिजणारच. पंखा काढला आणि त्याच्या मागे शाफ्टला नायलॉनचं जाळं गुंडाळलेलं, मासेमारीचं, निळं, इतकं घट्ट की उष्णतेने वितळून कड्यासारखं झालेलं, ब्लेडने कापून काढावं लागलं. त्या जाळ्याने दोन्ही सील खाल्लेले. तिथे दोन सील पाठीला पाठ लावून असतात, एक ऑइल आत धरतो, दुसरा पाणी बाहेर ठेवतो. मी म्हटलं आत्ताच करून टाकू, सील, ओ-रिंग, ऑइल, प्रेशर टेस्ट, 18 हजार. मालक म्हणाले दिवाळीची गर्दी आहे, दोन आठवडे चालू दे, मग करू. मी ऑइल बदलून दिलं, परत सांगितलं. दिवाळी झाल्यावर बोट आली तेव्हा चुंबकावर पेस्ट नव्हती, नखाएवढ्या चकाकत्या कपच्या होत्या. पाणी मिसळलेलं ऑइल गिअरवर फिल्म धरत नाही, बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे टिपके पडले, बेअरिंग ढिलं झालं की पिनियन (जोडीतला छोटा गिअर) आणि मोठ्या गिअरचं अंतर बिघडलं आणि दात गेले. लोअरचा गिअर सेट, बेअरिंग, शाफ्ट, मजुरी मिळून 1 लाख 85 हजार. दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत तेवढे निघाले नव्हते, त्यांनीच नंतर हिशेब करून सांगितलं.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की चुंबकावर काय आहे. पेस्ट की कपच्या? कोटेशन देणाऱ्याने स्क्रू काढून तुम्हाला दाखवला का? दाखवला नसेल तर त्याने ड्राइव्ह उघडलेलाच नाही, अंदाजाने सगळ्यात मोठा आकडा लिहिलाय, म्हणजे नंतर काहीही निघालं तरी तो सेफ. दुसरं, ऑइल काढून रिकाम्या ड्राइव्हला हवेचा पंप लावून प्रेशर टेस्ट करायची. आधी 3 ते 5 पीएसआय, मग 15 च्या आसपास नेऊन धरायचं, काटा उतरला की साबणाचं पाणी मारून बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे आणि पाणी कुठून शिरतंय हे तिथल्या तिथे कळतं. पाणी शिरायचं कारण न शोधता नवे गिअर टाकले तर वर्षभरात नवे गिअर पण जुन्यांच्या वाटेने जातात.

तिसरी तक्रार फॉरवर्डची कर्रर्र. अल्फामध्ये लोअरमध्ये डॉग क्लच असतो, त्याचे कान गिअरच्या कानांत अडकतात. शिफ्ट केबल जड झाली, आत पाणी जाऊन गंजली, की क्लच पूर्ण अडकत नाही, अर्धवट धरतो, कान गोल होतात, पुढे जोर दिला की गिअर सुटून ठक ठक आवाज येतो. तुम्हाला अजून कर्रर्रच होतंय, सुटत नाहीये, म्हणजे बरीच आशा आहे. एक खूण सांगतो, गिअरमधून न्यूट्रलला आणताना मशीन बंद पडतं का? पडत असेल तर केबल. अल्फामध्ये गिअर काढताना क्षणभर स्पार्क तोडणारा एक स्विच असतो, म्हणजे क्लचवरचा ताण सुटावा, केबल जड असली की तो स्विच दाबलेलाच राहतो आणि मशीन बंद. अजून एक, आयडल, म्हणजे रेस न देता मशीन नुसतं चालतं तो वेग, वाढवून ठेवलाय का बघा, टॅकोमीटरला 600-700 च्या पुढे आयडल असेल तर कोणताही गिअर कर्रर्र करणारच. आणि तुमच्या ड्रायव्हर पोराला सांगा की गिअर हळूहळू, जपून टाकायचा नाही. कारमधली सवय इथे उलटी आहे, आयडलला आणून एका झटक्यात टाकायचा, हळू टाकला की कान एकमेकांवर घासत बसतात.

आता हे सगळं मिळून पैशाचा हिशेब. माझे आकडे माझ्या बिलांवरून आहेत, पार्टच्या भावावर आणि डॉलरवर वर-खाली होतील. फक्त सील आणि टेस्ट 15 ते 20 हजार. ट्रान्समवरचं बेलोज वगैरे काम वर सांगितलं तसं 55 ते 70. लोअरचे गिअर गेले तर दीड ते दोन लाख. अप्परचे पण गेले तर अजून एक-सव्वा लाख. म्हणजे तुमचा 3 लाख 40 हजारांचा आकडा वरचा आणि खालचा दोन्ही सेट गेलेत असं धरून आहे. तुमच्या खुणांवरून मला तसं वाटत नाही. चुंबकावर नुसती पेस्ट असेल तर तुमचं सगळं काम लाखाच्या आत बसायला पाहिजे. कपच्या असतील तर अडीच-पावणेतीन, आणि त्यात ट्रान्समवरचं काम पण आलं.

गिअर सेट बसवणं हे महाग का असतं ते पण समजून घ्या, कारण इथेच स्वस्तात करणारे भेटतात. गिअर जोडीनेच बदलायचे, एकटा पिनियन कधीच नाही. पिनियनची उंची, बेअरिंगचा प्रीलोड (किती दाबून बसवायचं ते), दोन गिअरमधला बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) हे सगळं शिम टाकून, डायल लावून जुळवावं लागतं, शिम म्हणजे कागदासारखे पातळ पत्रे, एक काढायचा, एक टाकायचा, परत मोजायचं, परत उघडायचं. त्यासाठी खास टूल लागतात. आपल्या एमआयडीसीत प्रेस आहे, लेथ आहे, हुशार मशिनिस्ट आहेत, मी स्वतः बेअरिंग दाबायला आणि खेचायला तिथेच जातो, पण "बसवून देतो साहेब, फिरतंय की" म्हणणाऱ्याकडे शिमचं काम देऊ नका. हाताने फिरतं ते सगळंच 4,000 आरपीएमला टिकत नाही.

अडीच लाखांच्या वर बोलणं गेलं तर मग पूर्ण नवा ड्राइव्ह हा पर्याय समोर ठेवून बघायचाच. ओरिजिनल नवा अल्फा महाग पडतो, पण अल्फाच्या जागी बसणारे दुसऱ्या बनावटीचे नवे ड्राइव्ह मिळतात, बरेच स्वस्त. सेकंडहँड ड्राइव्ह मुंबई-गोव्याकडून मिळतो तो मात्र ऑइल, चुंबक आणि प्रेशर टेस्ट स्वतः बघितल्याशिवाय घेऊ नका, खाऱ्या पाण्यातल्या अॅल्युमिनियमला आतून काय झालंय ते रंगाखाली दिसत नाही. आणि रेशो, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला मशीनचे किती फेरे. ह्यात माणसं हमखास फसतात. बाहेरून सगळे अल्फा सारखेच दिसतात पण तुमच्या 4.3 ला 1.81 चा ड्राइव्ह लागतो, चार सिलिंडरच्या 3.0 चा 1.94 चा असतो, मोठ्या व्ही8 चे त्याहून कमी. चुकीचा बसवला तर बसतो, चालतो पण, फक्त मशीन एकतर रेव्ह चढत नाही नाहीतर जास्तीच चढतं, आणि मग पंखे बदलत बसायचं. तुमचा ड्राइव्ह मर्क्रुझरचा मोठा ब्राव्हो नाही हे नशीब समजा, दोन पंख्यांचा ब्राव्हो थ्री असता तर हेच सगळं दुपटी-तिपटीत.

अजून एक जागा बघायची राहिली आणि ती कोणाच्याच कोटेशनमध्ये नसते. ड्राइव्ह उतरवलाच आहे तर अलाइनमेंट बार आत घालून बघायला सांगा. हा एक लांब सरळ दांडा असतो, गिंबल बेअरिंगमधून मशीनच्या कपलरमध्ये (ड्राइव्हचा शाफ्ट मशीनला जोडणारा भाग) जातो, नीट लाइनमध्ये असेल तर दोन बोटांनी आत-बाहेर सरकला पाहिजे. अडकत असेल तर मशीनचे पुढचे माउंट वर-खाली करून जुळवायचं. लाइन बाहेर असेल तर नवीन बेअरिंग पण परत घरघर करेल आणि कपलरच्या आतले दाते खाल्ले जातील, आणि कपलर बदलायचा म्हणजे मशीन बाहेर काढायचं, चेन पुली, तीन दिवस, 80 हजार ते सव्वा लाख. त्याच वेळी ड्राइव्ह लटकत असलेली रिंग हाताने डावी-उजवीकडे हलवून बघायची, स्टिअरिंगच्या पिनला खडखड असेल तर ते पण मशीन काढायचंच काम. आणि ट्रान्समच्या लाकडावर छोट्या हातोडीने ठोकत जा, टणटण आवाज आला तर ठीक, भद्द आला तर लाकूड कुजलंय.

विकायची का? माझं मत असं की लाकूड कुजलं असेल आणि गिअर पण गेले असतील, दोन्ही एकदम, तर मग स्टर्नड्राइव्हवर पैसे घालू नका. मशीन आणि ड्राइव्ह चालू पार्ट म्हणून विका, किंवा हल (बोटीचा सांगाडा) चांगला असेल तर मागे भोक बुजवून ब्रॅकेट लावून आउटबोर्ड बसवायचा विचार करा, तो खर्च पण लहान नाही, पण पुढे कोयनेवर त्याला हात लावणारा मेकॅनिक मिळेल. ह्या दोनपैकी एकच बिघाड असेल तर दुरुस्त करा. 4.3 मशीन दणकट आहे, गोड्या पाण्यात राहिलं तर कितीतरी वर्षं जातं. फक्त मुंबईच्या खाऱ्या पाण्यातून आलंय म्हणून एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड एकदा उघडून बघा. आणि अॅनोड, म्हणजे ड्राइव्हऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे, बदला, खाऱ्या पाण्यातले झिंकचे आपल्या धरणात काम करत नाहीत, गोड्या पाण्याला मॅग्नेशियमचे लागतात. तुमच्या बोटीला अजून मुंबईचेच असणार, तीन वर्षांत कमी झालेच नाहीत ना? ते टिकलेत असं वाटतं, खरं तर ते कामच करत नाहीयेत.

कोयनेचं एक वेगळं आहे म्हणून सांगतो. 105 टीएमसीचं धरण, नोव्हेंबरला बघितलं तर समुद्र वाटतो, पण मार्चनंतर पाणी उतरतं आणि तापोळ्याच्या बाजूला जुन्या गावांची जोती, झाडांचे बुंधे, खडक वर यायला लागतात, जिथे डिसेंबरला 30 फूट पाणी होतं तिथे एप्रिलला पंखा आपटतो. आपटला की फक्त पंखा बघून गप्प बसू नका, पंख्याचा शाफ्ट वाकलाय का ते डायल लावून बघा, वाकडा शाफ्ट नव्या सीलला महिन्याभरात खातो. उथळ म्हणून ड्राइव्ह वर उचलून ठेवायची सवय सगळ्यांना आहे ती सोडा, बोट किनाऱ्यावर काढली की ड्राइव्ह पूर्ण खाली ठेवायचा म्हणजे बेलोज मोकळा राहतो, चार महिने पावसाळाभर दुमडून राहिला की त्याच घडीवर तडकतो. उंदीर पण रबर कुरतडतात, शेडमध्ये ठेवत असाल तर तेवढं बघा. ऑइल दर वर्षी पावसाळ्याच्या आधी बदला, नंतर नाही, कारण पाणी शिरलेलं असेल तर ते चार महिने गिअरवर बसून राहतं. दोन लिटरच्या आसपास लागतं, खालच्या भोकातून वर भरायचं, मरीन गिअर ऑइलच, ट्रॅक्टरचं घालू नका.

तर आता असं करा. कोटेशनवाल्याला फोन करून नाही म्हणू नका, फक्त सांगा की अप्पर, लोअर, सील आणि मजुरी वेगवेगळी लिहून द्या आणि उघडताना मी समोर असणार, जुने गिअर मला परत पाहिजेत. चांगला माणूस असेल तर लगेच हो म्हणेल. त्याच्या आधी घरीच एक पांढरी बरणी, एक मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि दोन नवे वॉशर घेऊन खालचा स्क्रू काढा, बोट रात्रभर न हलवता उभी असताना सकाळी काढा म्हणजे पाणी तळाला बसलेलं असतं. चुंबकाचा फोटो उन्हात काढा, बरणीचा पण, आणि इथेच टाका, मी बघून सांगतो गिअर उघडायचे की सीलवरच भागतंय. तोपर्यंत बोट पाण्याबाहेर.